शाळेच्या वाटेवरचा ढावलो

जमनीबाई पोरींना रडायला शिकवायची, असं मी सांगितलं की लोक आधी हसतात. हसणाऱ्यांना मी दुसऱ्यांदा सांगत नाही, तेवढा वेळ माझ्याकडे नाही. तुम्हाला सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आर्णीच्या बाजाराकडून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावापासून दीडेक किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्या तांड्यावरच्या अंगणवाडीची मी सेविका, विमल, आणि जमनीबाई माझी मदतनीस. ती तांड्यातली, मी गावातली, कापूस-तुरीच्या घरातली. ती साठीला टेकलेली, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, पण मला ‘ताई’ म्हणते आणि मी तिला अरेतुरे करते. आमच्याकडे त्यात कोणाला काही वाटत नाही. सुरुवातीला आमचं पटत नसे. ती मुलांशी सगळं त्यांच्या बंजारा बोलीत, गोरबोलीत बोलायची आणि मला वाटायचं, ही माझीच निंदा करून राहिली. पुढे बोली थोडी कळायला लागल्यावर लक्षात आलं की निंदा खरंच करायची, पण फार नाही.

बंजाऱ्यांमध्ये लेक सासरी निघाली की आईच्या, काकीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून सूर लावून रडते. त्याला ढावलो म्हणतात. नुसते हुंदके देऊन भागत नाही. बापाचं अंगण, दावणीची गाय, पाठचा भाऊ, पाणवठ्याची वाट, एकेकाचं नाव घेऊन निरोप घ्यायचा असतो, आणि तो शिकावा लागतो. लग्न ठरलेल्या पोरी जमनीबाईच्या अंगणात येऊन बसायच्या. तिनं सूर लावला की डोक्यावर हंडा घेऊन चाललेली बाई जागीच थांबायची. मला शब्द अर्धेच कळत, तरी माझ्याही हातातलं काम थांबे, आणि त्याचा राग येऊन मी तिच्यावर खेकसे, “जमनीबाई, खिचडी लागून राह्यली खाली. आधी ते पाह्य!”

अलीकडे लग्नात डीजे आला. पोरी नाचत नाचत गाडीत बसायला लागल्या. जमनीबाईचं अंगण रिकामं पडलं. ती बोलून दाखवत नसे, पण तिला लागलेलं होतं.

आमचं दोघींचं खरं काम मात्र वेगळंच होतं, आणि त्यात आम्हा दोघींना तोड नव्हती. अंगणवाडीतलं लेकरू पहिलीत जाताना घाबरू नये, हे ते काम. तांड्यावरच्या घरांत मराठी नसते. पोरगं पहिलीत जाऊन बसतं, सर काय म्हणतात ते त्याला कळत नाही, लघवी लागली तर सांगता येत नाही. मग चड्डीत होते, सगळी हसतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगं तुरीत लपून बसतं. म्हणून उन्हाळा लागला की आम्ही शाळा-शाळा खेळायचो. मी ओढणी खांद्यावर टाकून सर व्हायची. जमनीबाई पोरांच्या रांगेत मांडी घालून बसायची आणि बोट वर करून बारीक आवाजात म्हणायची, “सर, मले लघवीले जायचं आहे.” पोरं हसून हसून लोळायची. मग प्रत्येक जण बोट वर करून तेच म्हणायचा. शाळेत नेऊन आम्ही नळ दाखवायचो, चपला कुठे काढायच्या ते दाखवायचो, वर्गात बसवून आणायचो. त्या पोरांपैकी कोणी तुरीत लपलं नाही. छाती काढून गेली सगळी.

पण तेव्हा शाळा तांड्यावरच होती. गेल्या वर्षी पट कमी पडला म्हणून ती बंद झाली आणि पोरांना गावातल्या शाळेत घातलं. त्याच वर्षी जमनीबाईची नात उर्वशी पहिलीत जायची होती.

उर्वशी म्हणजे जमनीबाईच्या मुलाची, देवीलालची मुलगी. देवीलाल आणि त्याची बायको संगीता दर वर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि होळीला परत येतात. तेवढे महिने पोरगी दादीजवळ आणि आत्याजवळ राहायची. आत्या म्हणजे जमनीबाईची धाकटी लेक अंजू. पोरगी अंजूच्याच कुशीत झोपायची, तिच्याच हातानं जेवायची. आणि बडबड तरी किती! मी प्रश्न पूर्ण विचारायच्या आत हिचं उत्तर तयार. मी चिडून म्हणायची, “तुले तं थेट कलेक्टरच करतो, जाय एकदाची.” ती म्हणायची, “कलेक्टर खिचडी देते का?”

त्या मे महिन्यात अंजूचं लग्न झालं. मुलगी बी.ए. झालेली, नवरा घाटंजीकडच्या तांड्यावरचा. डीजे होताच. पण जमनीबाईनं एक हट्ट धरला, की निरोप जुन्या रीतीनं व्हायचा. अंजूनं आईची खूप थट्टा केली आणि ऐकलंही. महिनाभर दोघी अंगणात बसून ढावलो म्हणत होत्या आणि उर्वशी मांडीवर बसून ऐकत होती. लग्नाच्या दिवशी सजवलेल्या बैलावर अंजूला उभं केलं, तिनं दोन्ही हात वर करून माहेराला आशीर्वाद दिला, ढावलो म्हटला, आणि गेली. नंतर एकदाच आली, एका रात्रीपुरती, पिशवी घेऊन. उर्वशी तिला सोडेना. तेव्हा सगळ्यांनी तिला समजावलं, की आत्या आता आपल्या घरची नाही, ती तिच्या घरची झाली. लेकरांना आपण असंच काहीबाही समजावतो आणि आपल्या कामाला लागतो.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. नयन सर गावच्या शाळेत नवीन होते, तरुण, हौशी. तांड्यावरची पोरं पहिल्यांदाच गावात येणार म्हणून त्यांनी प्रवेशोत्सव ठरवला. स्वतः बैलगाडी घेऊन आले. बैलांच्या शिंगांना फुगे, अंगावर झूल. पोरांना नवा गणवेश, कपाळाला कुंकू, औक्षण. पहिलीची सगळी पोरं गाडीत चढवली. मी खालून त्यांना धरून होते. तेवढ्यात बायांमधून कोणीतरी ओरडलं, “जमनी, नात चालली ना वं! म्हण ना ढावलो!”

सगळ्या हसल्या. जमनीबाईला किती दिवसांनी कोणीतरी म्हण म्हटलं होतं. तिचा आनंद तोंडावर मावत नव्हता, आणि नात मोठी झाली म्हणून डोळेही भरले होते. ती गाडीजवळ आली, उर्वशीच्या गळ्यात हात टाकला आणि सूर लावला. काय सूर लावला! पोरांनी मोबाइल काढले. हसता हसता बाया पदरानं डोळे पुसायला लागल्या. उर्वशी गाडीत उभी होती. तिनं हळूच दोन्ही हात वर केले, अगदी आत्यासारखे. त्यावर तर टाळ्याच पडल्या. नयन सरांनीही वाजवल्या.

त्या दिवसापासून उर्वशी बोलायची बंद झाली.

पहिले काही दिवस कोणी मनावर घेतलं नाही. नवीन जागा आहे, होईल सवय. बाकीची पोरं आठवड्यात रुळली, बोट वर करून लघवीला जाऊन आली. ही बसवलं तिथे बसायची. रडायची नाही. रडणारं पोरगं परवडलं, रडून मोकळं तरी होतं. ही नुसती खाली मान घालून बसायची, आणि आमच्या त्या खेळात सगळ्यांत मोठ्यानं ‘सर, मले’ म्हणणारी पोरगी वर्गात ओली होऊन बसायची. सर बिचारे कोणाला हसू देत नसत, स्वतः पाणी टाकत. पण पोरं ती पोरंच. मधल्या सुट्टीत तिच्या मागे लागायची.

जमनीबाई वर्गाच्या बाहेर ओट्यावर बसायला लागली. अंगणवाडीचं तिचं काम मी ओढत होते आणि तोंडानं कटकटही करत होते, कारण चूल फुंकून माझे डोळे जात होते. तिला मी म्हटलं, “दिवसभर बसून काय अंडे उबवतं का? तिले सोड एकटी.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही उत्तर दिलं नाही. एरवी जमनीबाई माझ्या एका शब्दाला चार परत करणारी बाई. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

एका दुपारी पोषण आहाराची पाकिटं द्यायला मी तिच्या घरी गेले. उर्वशी शाळेतून आली होती. माठ तिच्या हाताशी होता, पण ती संगीताकडे बघत उभी राहिली आणि संगीतानं घे म्हटल्यावर तिनं पाणी घेतलं. प्यायली, पेला धुतला, पालथा घातला आणि बाजेच्या अगदी कडेला बसली. दप्तर पाठीवरच.

“लय शहाणी झाली,” संगीता म्हणाली. “आता डब्यात हात नाई घालत, काई मांगत नाई. ताट बी धुऊन ठेवते.”

ती कौतुकानं सांगत होती, पण तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. मी चहा न घेताच निघाले. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, त्या घरात एक पाहुणी राहून राहिली आहे. बोलून गेले, पण काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही.

ते कळलं श्रावणात, तीजेच्या वेळी. बंजाऱ्यांची तीज म्हणजे कुंवार मुलींचा सण. टोपल्यांत गहू पेरतात आणि तांड्यातल्या सगळ्या बिनलग्नाच्या मुली, शेंबड्या पोरींपासून कॉलेजात जाणाऱ्यांपर्यंत, गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात. लग्न झालेलीनं हात लावायचा नसतो, तिनं बाजूला उभं राहून बघायचं. उर्वशी तीज म्हटली की वेडी व्हायची. त्या दिवशी सगळ्या पोरी तांबे घेऊन तांड्याच्या नाईकाच्या अंगणात जमल्या आणि ही मात्र बायांमध्ये जाऊन उभी राहिली. ओढणी डोक्यावर घेऊन.

जमनीबाईनं तांब्या तिच्या हातात दिला. तिनं हात मागे घेतले.

“घाल ना वं छोरी पाणी. काहून नाई घालत?”

उर्वशीनं बऱ्याच दिवसांनी तोंड उघडलं. गोरबोलीतच बोलली, पण एवढी गोरबोली मलाही कळते. ती म्हणाली, “मले नाई चालत दादी. तू माह्यासाठी ढावलो म्हटला ना.”

जमनीबाई मटकन खाली बसली. तांब्यातलं सगळं पाणी तिच्या घागऱ्यावर सांडलं. आजूबाजूच्या एकदोघी हसल्या. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचं हसू तिथेच थांबलं. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं आपण म्हणतो आणि सोडून देतो. इथे सोडून कसं द्यायचं? सहा वर्षांच्या पोरीनं आपलं सगळं नीट जुळवून पाहिलं होतं. बैल सजले, कुंकू लागलं, नवे कपडे आले, दादीनं ढावलो म्हटला, आत्या गेली. तसंच सगळं तिचं झालं. मग ती या घरची कशी? रोज संध्याकाळी ती माहेरी येत होती, आणि माहेरी आलेली लेक जशी अदबीनं राहते तशी राहत होती. कोणी तिला वाईट वागवलं नव्हतं. आपल्याला देऊन टाकलं, एवढंच तिला कळलं होतं, आणि ज्यांनी दिलं त्यांच्यापाशी तक्रार कशी करायची, म्हणून ती गप्प होती.

पुढचे दीड महिने जमनीबाईनं जे जे केलं ते बघवत नव्हतं. आधी तिनं पोरीला जवळ घेऊन शंभरदा सांगितलं, की शाळा सासर नसते, ती गंमत होती. उर्वशी मान हलवायची आणि ओढणी डोक्यावरून काढायची नाही. मग जमनीबाईला वाटलं, सरांना घरी जेवायला बोलवावं, म्हणजे पोरीची भीड मोडेल. नयन सर आले, बाटी आणि वरण जेवले. आणि उर्वशी कोपऱ्यात तोंड झाकून बसली, कारण तिच्या हिशेबानं सासरची माणसं न्यायला आली होती. सरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. बाहेर येऊन मला म्हणाले, “ताई, मी त्या दिवशी टाळ्या वाजवत होतो.” मी म्हटलं, “सगळेच वाजवत होते सर. चला, रात्र व्हायच्या आत घरी पोहोचा.”

मग ती नाईकाकडे गेली. शंकरसिंग नाईक तांड्याचे प्रमुख, मोठा माणूस. त्यांच्या पायाशी बसून ती म्हणाली, “नाईक, सगळ्यायच्या पुढं सांगा, का हे पोट्टी आपल्या तांड्याची आहे म्हणून. तुमचं ऐकते थे.” नाईक आधी हसले. मग तिचं तोंड बघून उठले, सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढे माणसं जमवली आणि उर्वशीच्या डोक्यावर हात ठेवून बोलले. पोरीनं ऐकून घेतलं आणि वाकून पाया पडली, तशीच, जशी मे महिन्यात अंजू पडली होती. जमनीबाईनं डोळे मिटून घेतले.

“कोणाचंच खरं वाटत नाई तिले,” ती मला म्हणाली. “माह्या गळ्यानं तिले घराबाहेर काढली ताई. तोंडानं सांगून आता कशी आत येईन थे? ढावलो वापस घ्याचा कोणता सूर नाई आमच्यात. मी माह्या सासूले इचारलं नाई, मायले इचारलं नाई, थ्या मरून गेल्या. कोणाले इचारू?”

मी तिला रागावले, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

दसरा जवळ आला तशी देवीलालनं आपला बेत सांगून टाकला. पोरीला सोबत न्यायचं. “इथं ठेवून काय करू? शाळेत बोलत नाई, घरात बोलत नाई. अंजू बी नाई आता. तिकडं डोयापुढं तं राहीन.” त्याचं चूक होतं असं मला म्हणता आलं नाही. पण ऊसतोडीला गेलेल्या पोरींचं काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघते आहे. पहिलं वर्ष जातं, दुसऱ्या वर्षी धाकट्या भावंडाला सांभाळायला लागते, तिसऱ्या वर्षी मोळ्या बांधते. पहिलीत सुटलेली शाळा परत धरलेली एकही पोरगी मला आठवत नाही. जमनीबाईलाही आठवत नव्हती. तिनं लेकाचे पाय धरले. आई लेकाचे पाय धरते हे तांड्यानं पाहिलं. देवीलालनं तिला उठवलं, तोही रडला, पण त्यानं शब्द बदलला नाही. “थे माहेरवाशिणीसारखी राह्यते याडी, आपल्याच घरात. मले नाई पाहवत.” याडी म्हणजे आई.

ट्रक आला त्या सकाळी मी मुद्दाम तांड्यावर गेले. तोडीची माणसं निघतात तेव्हा तांड्यावर उभं राहवत नाही. भांडी, गाद्या, कोंबड्या, शेळ्या सगळं ट्रकवर चढतं आणि खाली म्हाताऱ्या बाया लेकांच्या, सुनांच्या गळ्यात पडून रडतात. जमनीबाई दर वर्षी देवीलालसाठी अशी रडायची की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा थांबून जायचा. देवीलाल वरून हसायचा, पण आई रडल्याशिवाय तो ट्रकवर चढत नसे.

उर्वशी आधीच वर गाद्यांवर बसली होती. गणवेश घातलेला, दप्तर पाठीला. कोणी तिला चढ म्हटलं नव्हतं. जायचं म्हटल्यावर ती आपली चढून बसली होती.

चारी बाजूंनी बाया रडत होत्या. संगीता सासूच्या गळ्यात पडली. जमनीबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तोंडातून आवाज नाही. देवीलाल पाया पडला आणि वाट बघत उभा राहिला. जमनीबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. मला वाटलं हिला काही झालं, म्हणून मी दंड धरला, तर दंड दगडासारखा ताठ.

“याडी,” देवीलाल म्हणाला, “काई म्हणत नाई?”

तिनं पदर काढला. “काय म्हणू? होळीले येशीन ना. जाय.”

“लेक चालला अन् डोयात पाणी नाई,” मागून एक बाई पुटपुटली, चांगली ऐकू जाईल अशी. देवीलालचं तोंड उतरलं. तो वळला आणि ट्रकच्या फळीला त्यानं हात घातला. मला जमनीबाईचा अस्सा राग आला! लेक सहा महिन्यांसाठी चालला आहे, वाटेत काय होईल काय नाही, आणि ही म्हातारी आज कसला हट्ट घेऊन बसली आहे.

तेवढ्यात वरून आवाज आला. “दादी, बाबाले ढावलो नाई म्हणत?”

जमनीबाईनं वर पाहिलं. “नाई.”

“काहून?”

“तो वापस येते. येणाऱ्यासाठी नसते म्हणत.”

“अन् आतापर्यंत म्हणत होती थे?”

“थे बी चुकत होती. रडाची आदत लागली होती मले. येणाऱ्यासाठी रडत होती, अन् तुह्यासाठी बी तसंच. तू कुठी गेली होती? रोज तं येत होती.”

हेच तिनं शंभर वेळा सांगितलं होतं. फरक इतकाच, की आज पोरगी दादीच्या तोंडाकडे बघत होती आणि त्या तोंडातून रडं येत नव्हतं. बाप चालला होता, माय चालली होती, सगळा तांडा रडत होता आणि दादी रडत नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. पोरगी उठली, गाद्यांवरून घसरत कडेला आली आणि बापाकडे हात पसरले. वर घे म्हणून नव्हे, खाली उतरव म्हणून.

देवीलालनं तिला उतरवली. तिला कडेवर घेऊन तो क्षणभर आईकडे बघत राहिला, आणि आई का रडली नाही हे त्याला कळलं असावं, कारण त्यानं पोरगी तिच्यापुढे ठेवली. संगीता मात्र कळवळून ओरडली. सहा महिने पोरीला जवळ ठेवायचं म्हणून ती मनातून खूश होती, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. संगीताला वर ओढून घ्यावं लागलं. ट्रक निघाला. वळणाआड जाईपर्यंत तिचा हात दिसत होता, आणि जमनीबाई हसऱ्या तोंडानं हात हलवत होती. तसलं हसू मी माझ्या वैऱ्याच्याही तोंडावर बघू नये.

शाळेची वेळ झाली होती. आम्ही दोघी तिला घेऊन तशाच गावाकडे चालू लागलो. वर्गाच्या दाराशी नयन सर उभे होते. आज पोरगी येणार नाही म्हणून त्यांनी मनाची तयारी केली होती. तिला बघून ते पुढे आले, मग काय वाटलं कोण जाणे, मुद्दाम बाजूला झाले. उर्वशीनं चपला काढल्या. दादीचं बोट सोडलं. दोन पावलं आत गेली आणि वळून म्हणाली, “दादी, तू घरी जाय. मी येतो.”

वर्गात ती त्या दिवशी बोलली की नाही, ते मी विचारलं नाही. सर म्हणाले की मधल्या सुट्टीआधी तिनं नुसतं बोट वर केलं. तेवढं मला पुरलं.

अंगणवाडीत आल्यावर मी पोरांना बाहेर खेळायला लावलं आणि आतून दार लोटून घेतलं. जमनीबाई चुलीपाशी बसली होती. मी म्हटलं, “रड आता बाई. कोणी नाई इथं. पोट्टी शाळेत आहे, तिले ऐकू नाई येत. देवीलालसाठी रडून घे.”

तिनं तोंड उघडलं. सूर गळ्यापर्यंत आलेला मला दिसला. आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

“नाई ताई. संध्याकायी येईन ना थे. माहे रडलेले डोये पाहीन थे.”

“मंग कधी रडशीन?”

“होळी झाल्यावर,” ती म्हणाली. “देवीलाल वापस आल्यावर.”

आणि तिनं तांदूळ धुवायला घेतले.